शेजाऱ्यांचे दिवे

आजोबा : आता हे जे मी सांगणार आहे ना, त्यावर कुणी म्हणून कुणी विश्वास ठेवणार नाही. तू तर नाहीच नाही.

नात : मग सांगता कशाला, आजोबा?

आजोबा : विश्वास बसेल अशा गोष्टींसाठी वर्तमानपत्र आहे की. रोज दारात येऊन पडतं.

आजी : तू आधी चहा घे गं. त्यांची गोष्ट कुठं पळून जात नाही. चहा निवतो.

नात : मला गोष्ट नकोच आहे, आजी. मी एवढंच म्हणाले की मी तिकडे परत जाणार नाही. तुम्हाला कल्पना नाही तिथं कसं आहे. नवी कोरी इमारत, आणि अख्ख्या इमारतीत आमचं एकच बिऱ्हाड. बाकीच्या सगळ्या खिडक्या काळ्या. नवरा सकाळी शहरात जातो तो अंधार पडल्यावर उगवतो. तोवर मी आणि लिफ्ट. आणि ती लिफ्ट कुणी बोलावलं नसताना वर-खाली करते.

आजोबा : एकच बिऱ्हाड! केवढी ऐसपैस जागा! नाहीतर आम्ही. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ह्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, इतके शेजारी.

आजी : झालं. सुटली गाडी.

आजोबा : तू मध्ये बोलू नकोस. तू शिवण शिव. ऐक चिमणे. मी त्या वेळी ठेकेदाराकडे वायरमन. वसाहत बांधून होत आली होती. ठेकेदार म्हणाला, तुझं नवीन लग्न झालंय, एक घर तू घे. शहरात आम्ही एका खोलीत सगळं खानदान. झोपेत कूस बदलायची तर सगळ्यांना उठवून, विचारून बदलायला लागायची. तर मी आणि ही, एक ट्रंक, एक वळकटी, बसनं निघालो. शहर संपलं, कारखाने संपले, मग कितीतरी वेळ नुसता माळ. गवतसुद्धा मन लावून उगवलेलं नव्हतं. आणि मग त्या माळाच्या मधोमध, टेबलावर मांडून ठेवावा तसा, हा रस्ता! डावीकडे घरं, उजवीकडे घरं. तेच दार, तीच खिडकी, तेच लाल छप्पर. मी बसमधून उतरलो आणि डोक्यावरची टोपी काढली.

नात : कुणापुढं?

आजोबा : त्या घरांपुढं! माणसं राहावीत म्हणून कुणीतरी एवढं सगळं एका दमात उभं केलंय, आणि त्यातलं एक आपलं. टोपी नको काढायला?

आजी : हे मात्र खरं आहे. काढली होती. ट्रंक माझ्या पायावर ठेवून काढली होती.

नात : सगळी घरं एकसारखीच का बांधली पण?

आजोबा : त्याचीही गंमत आहे. मोठ्या साहेबानं कागदावर एकच घर काढलं होतं. शाई ओली असतानाच त्यानं कागद दुमडला. उघडून बघतो तर दोन घरं, समोरासमोर. पुन्हा दुमडला, चार झाली. साहेबाला मजा वाटायला लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वसाहत तयार.

आजी : आणि शाई जिथं फुटली तिथं आपलं स्वयंपाकघर आलं. अजून गळतं.

आजोबा : आणि संध्याकाळ! एका बाजूला सूर्य बुडायचा, आणि जरा वेळानं दुसऱ्या बाजूला शहर उगवायचं. खोटं नाही. आभाळाची कड नारिंगी व्हायची. एवढ्या लांबून! आवाज नाही, काही नाही, नुसता तो उजेड. हिला म्हटलं, बघ, लाखो माणसांनी एकदम दिवे लावलेत. तर ही म्हणते…

आजी : माझं मला सांगू द्या. मी म्हटलं, तिकडे लाखो आहेत, इकडे कोण आहे?

नात : अगदी! मलाही अगदी असंच वाटतं, आजी.

आजोबा : पण मग शेजारी आले ना! दुसऱ्याच दिवशी. संध्याकाळी बघतो तर समोरच्या घरात दिवा. मग त्याच्या पुढच्या. बघता बघता रस्त्याच्या टोकापर्यंत. समोर राहायला आले कुजबुजे.

नात : आडनाव?

आजोबा : गुण! घरातलं पोर न् पोर कुजबुजत बोलायचं. भांडणसुद्धा कुजबुजत. बाहेर टाचणीएवढा आवाज नाही. त्यांच्या शेजारी रात्रपाळीवाले. बाप रात्रपाळीला, मुलगा रात्रपाळीला, सून रात्रपाळीला. दिवे लावून निघून जायचे, दिवसभर दारं लावून झोपायचे. आणि पलीकडे लाजाळू. त्यांचं दार वाजवलं की नवरा बायकोच्या मागे लपायचा आणि बायको नवऱ्याच्या मागे. असे गोल फिरत फिरत ते मागच्या दारापर्यंत पोचायचे. दार उघडायचं राहूनच जायचं.

नात : तू बोलायचीस त्यांच्याशी, आजी?

आजी : मी कुठली बोलते? हेच रोज येऊन सांगायचे. आज कुजबुज्यांच्या पोराला दात आला. काल लाजाळूंनी तुझी चौकशी केली, खिडकीच्या फटीतून. मी ऐकायची.

नात : दोरीवर कपडे तरी दिसत असतील त्यांचे.

आजी : एक चिंधी नाही. एवढी बिऱ्हाडं, पण एकाही अंगणात कपडा वाळत घातलेला नाही. मी म्हटलं होतं ह्यांना. माणसं काय तशीच हिंडतात का घरात?

आजोबा : आत वाळत घालायचे. माळावर वारा किती! एकदा रात्रपाळीवाल्याचा सदरा उडाला तो शहरात जाऊन कामावर हजर झाला. हजेरीसुद्धा लागली.

नात : आजोबा!

आजोबा : तुला म्हटलं होतं, विश्वास बसणार नाही. बरं, ते सोड. हे ऐक, हे तर शपथेवर. एकदा काम उरकून थकून आलो. घर उघडलं, टोपी खिळ्याला अडकवली, बसलो आणि म्हटलं, चहा. उत्तर नाही. जरा वेळानं म्हटलं, चहा! काही नाही. म्हटलं, रागावली वाटतं. मग मीही रागावलो. दोघंही गप्प. बराच वेळ मी तिच्याशी अबोला धरून बसलो. मग टोपीकडे लक्ष गेलं. ती जमिनीवर. भिंतीला खिळाच नाही!

नात : म्हणजे?

आजोबा : म्हणजे घर चुकलं होतं. लाजाळूंचं घर! तीच खोली, तीच खिडकी. कुणाचीही चूक झाली असती.

नात : आणि लाजाळू कुठं होते?

आजोबा : आत. लपले असणार बिचारे.

नात : तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसला होता?

आजोबा : जमिनीवर.

नात : खुर्ची नव्हती त्यांच्याकडे?

आजोबा : होती की. पण तीही लाजाळू. पाहुणे आले की आत ठेवायचे.

नात : आणि त्यांच्या दाराला तुमची किल्ली कशी लागली?

आजोबा : ते… अगं, माझ्याकडे सगळ्यांच्याच किल्ल्या. वायरमन मी. घर ताब्यात द्यायच्या आधी तारा नीट बसल्यात की नाही हे बघायचं, तर दिवा लावून ठेवावा लागतो थोडा वेळ. ठेकेदाराचा नियमच होता तसा.

आजी : घर ताब्यात द्यायच्या आधी.

आजोबा : आधी. आणि नंतरही. माझं काम एकदम पक्कं.

आजी : त्या तापाचं सांगा ना हिला.

आजोबा : कसला ताप?

आजी : पहिल्या थंडीत तुम्हाला ताप भरला होता, अंथरुणातून उठवेना. त्या संध्याकाळचं सांगा.

आजोबा : त्यात काय सांगायचं? ताप आला, उतरला.

आजी : मग मी सांगते. त्या संध्याकाळी मी ह्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून खिडकीशी आले. अंधार पडला. समोर दिवा नाही. पुढं नाही. अख्खा रस्ता काळा. कुजबुजे, रात्रपाळीवाले, लाजाळू, सगळे एकदम कुठं गेले? आणि हे अंथरुणातून सारखं विचारतायत, लागले का गं दिवे? लागले का?

नात : वीज गेली असेल.

आजोबा : बघ! हिलासुद्धा कळतं. फ्यूज गेला होता. तारेवर कावळ्यांची सभा भरली आणि…

आजी : आपल्या घरात दिवा होता.

आजोबा : आपली तार वेगळी होती.

आजी : अहो, त्या रस्त्यावर कुणी राहत नव्हतं.

आजोबा : काय बोलतेस काय!

आजी : कुणी नव्हतं. कुजबुजे नव्हते, रात्रपाळीवाले नव्हते, लाजाळू नव्हते. आपण दोघं होतो. पुढचं वर्षभर आपण दोघंच होतो. तुम्ही खोटं सांगत होता.

नात : आजी? म्हणजे तुला तेव्हाच…

आजी : दुसऱ्या दिवशी दुपारी, ह्यांना डोळा लागल्यावर, मी समोरच्या घरापाशी गेले. नव्या काचांना चुना फासलेला असतो ना, आतलं काही दिसत नाही. एका जागी नखानं खरवडला आणि डोळा लावला. रिकामी खोली. मधोमध वायरला लटकलेला दिवा. आणि जमिनीवर सिमेंटची बारीक धूळ, पीठ सांडल्यासारखी. त्या धुळीत पावलं. एकाच माणसाच्या चपलांची. दारापासून बटणापर्यंत, बटणापासून दारापर्यंत. ये-जा करून करून नुसती पायवाट पडलेली.

नात : आणि पुढचं घर?

आजी : तिथंही. त्याच्या पुढंही. मी टोकापर्यंत गेले. प्रत्येक खिडकी खरवडली. प्रत्येक घरात तीच पायवाट. एका घरात तेवढी ती मधोमध गेलेली, आणि तिथं कुणीतरी बूड टेकून बसल्याची खूण. तिथं काय झालं ते मला आत्ता कळतंय.

आजोबा : मी म्हटलं होतं, ती गोष्ट शपथेवर.

नात : पण का, आजोबा? रोज? एवढ्या घरांतून?

आजोबा : …लावायचे, आणि मग झोपायच्या वेळी जाऊन विझवायचे. सगळी घरं रात्रभर उजेडात कशी राहतील? संशय आला असता. मी कोपऱ्यातलं घर जरा उशिरा विझवायचो. म्हटलं, त्यांच्याकडे पोरं अभ्यास करत असतील.

नात : अरे देवा.

आजी : पहिल्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं होतं, मला इथं भीती वाटते. एवढंच म्हटलं होतं. हे काही बोलले नाहीत. हूं सुद्धा नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही.

नात : भीती गेली मग तुझी?

आजी : छे. ती खरी माणसं राहायला आली तेव्हा गेली. रिकामी घरं ती रिकामीच, दिवा असो नाहीतर नसो. पण संध्याकाळ झाली की मी खिडकीत येऊन उभी राहायचे. आधी समोर उजेड पडायचा. मग पुढं. मग त्याच्या पुढं. एकेक घर, टोकापर्यंत. मी तोंडाला पदर लावून बघत राहायचे. आणि मग ते सगळे दिवे तसेच ठेवून एक माणूस अंधारातून चालत घराकडे यायचा आणि दारात म्हणायचा, आज कुजबुजे फार खुशीत होते.

नात : माझा नवरा नाही करायचा असलं काही.

आजी : तू सांगितलंस का त्याला, भीती वाटते म्हणून?

नात : चहा निवला वाटतं हा.

आजी : काय सांगून आलीस?

नात : पाणी सोसत नाही म्हटलं तिथलं.

आजोबा : मग तो बिचारा पाण्याचं बघत बसेल. उद्या इमारतीखाली विहीर खणायला घेईल.

आजी : गप्प बसा हो. बाई गं, परत जायचं की नाही ते तुमचं तुम्ही दोघं ठरवा. इथं राहायचं तर राहा, घर तुझंच आहे. पण त्याच्याकडून पाण्याची चौकशी करवून घेऊ नकोस. फोन आतल्या खोलीत आहे. तो कामावरून सुटायच्या आत कर.

(नात आत जाते. तिचं बोलणं बाहेर ऐकू येतं.)

नात : हॅलो… हो, मीच. नाही, बरी आहे. पाण्याचं काही नाही रे. पाणी चांगलं आहे तिथलं. ऐक ना. मला तिथं भीती वाटते… हो. एकटीला. पहिल्या दिवसापासून… नाही, तू आधी ऐकून घे…

आजोबा : दार लोटून घे म्हणावं. सगळं ऐकू येतंय.

आजी : येऊ दे.

आजोबा : तुला खरंच पहिल्याच थंडीत कळलं होतं?

आजी : हो.

आजोबा : आणि त्यानंतर वर्षभर मी थंडीवाऱ्यात, पावसात, चिखल तुडवत सगळा रस्ता दिवे लावत हिंडतोय. आणि येऊन तुला कुजबुज्यांच्या पोराच्या दातांचं सांगतोय. आणि तू आपली, हो का, अगंबाई, करतेस. एका शब्दानं बोलली नाहीस!

आजी : बोलले असते, तर तुम्ही थांबला असता.