फ्रीजरच्या बटणावरचे कुंकू

पुरवणी जबाब, दि. ११/१०/२०२५

माझे नाव दानेश्वरी रुद्रप्पा हत्तुरे, वय २४ वर्षे, व्यवसाय संशोधन साहाय्यक, रा. न्यू पाच्छा पेठ, सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आई-वडिलांसह राहते. वडील यंत्रमाग कामगार आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी कीटकांमधील फेरिटिन या प्रथिनावर काम करते. मोकळे लोह शरीराला घातक असते. हे प्रथिन ते स्वतःत साठवून ठेवते व लागेल तसे सोडते. वैराग भागातून आणलेल्या रेशीम अळ्यांच्या रक्ताचे दोन वर्षांचे नमुने फ्रीजरमध्ये होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली तेव्हा फ्रीजर बंद होता व सर्व नमुने काळे पडले होते. आमचे सर म्हणाले, "तक्रार नको. पुन्हा अळ्या आणू." खरे काय ते समोर आले पाहिजे, असे म्हणून मी फिर्याद दिली. हवालदारांनी तेव्हा विचारले, "किड्यात लोखंड? मग भंगारवाल्यावर संशय हाय का?" मी रागाने सांगितले की, किल्ली रखवालदार धुळाप्पा यांच्याकडे होती. त्यावरून त्यांना दिवसभर ठाण्यात बसवले. महाविद्यालयाने त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितले.

फिर्यादीत एक गोष्ट राहिली. खंडेनवमीला प्रयोगशाळेतील यंत्रांची पूजा माझ्या वडिलांनी केली. मीच त्यांना हौसेने बोलावले होते. आम्ही बाहेर प्रसाद घेत असताना ते थोडा वेळ आत होते. बाहेरचे कोणी आले होते का, या हवालदारांच्या प्रश्नाला मी नाही म्हणाले. वडील बाहेरचे आहेत, असे माझ्या मनात आले नाही.

नमुने गेल्याचे मी घरी सांगितले नव्हते. काल जेवताना धुळाप्पांची हकीकत सांगितली, तेव्हा वडील म्हणाले, "ती थंड पेटी व्हय? ती मीच बंद केलो की. पूजा झालेलं यंत्र चालू ठिवत्यात व्हय? दसऱ्याला तू चालू करशील म्हनून सोडलो." नंतर ते जेवले नाहीत.

पंचनाम्याच्या वेळी फ्रीजरच्या बटणावर कुंकवाचे बोट मी पाहिले होते. ते सगळ्याच यंत्रांवर होते, म्हणून काही बोलले नाही.

आज सकाळी मी व वडील धुळाप्पा यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "कोन आल्तं म्हनून मला लई इचारलं. घरचीच मानसं हुती म्हनलं. पोरीचं कौतुक बगायला आलेल्या बापाचं नाव ठान्यात कसं घ्यायचं, ताई?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. धुळाप्पा यांचा यात काहीही दोष नाही, हे महाविद्यालयास लेखी कळवावे, ही विनंती.

वडील बाहेर बाकावर बसले आहेत. जबाबातील मजकूर मी त्यांना आमच्या घरच्या कन्नडमध्ये सांगितला. "पोरीला काय म्हाईत नव्हतं, असं लिवा," एवढे त्यांचे म्हणणे आहे. तसे लिहू नये. आमच्या गल्लीत खंडेनवमीला एकही माग वाजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे.

सही/-
दानेश्वरी रुद्रप्पा हत्तुरे