सा आणि प, मधे गंधार नाही

—नाही नाही काका, तोडफोड नाही चाललीय, गाणं आहे ते. या ना आत, चपला राहू द्या पायात, आठवडाभर फरशीला फडकं लागलेलं नाही. आवाज? करते ना कमी. म्हणजे... करणार नाहीये खरं तर. आज गुरुवार, दुरुस्तीसाठी लाइट जाईलच इतक्यात, आपोआप बंद होईल. तुमची सुट्टी, माहितीय मला— आठवडाभर कंपनीत प्रेसशॉपमध्ये पत्र्यांचं धडाम धडाम ऐकायचं आणि सुट्टीला डोक्यावर ही वरच्या मजल्यावरची बया. पण दादासाहेबकाका, तुम्ही भजनी मंडळात पेटी वाजवता, तुम्हाला तरी कळेल. ग्रंज म्हणतात याला, रॉकचाच एक प्रकार. आमच्याच कॉलेजच्या बँडचं आहे, आकुर्डीला इंजिनिअरिंगला होते तेव्हाचं. ती गिटार माझी. हसा, हसा.

आता हे ऐका— गिटारवर दोनच स्वर धरलेत. सा आणि प. मधला गंधार गायब. शुद्ध घातला असता तर गाणं खुशीत आलं असतं, कोमल घातला असता तर मुसमुसलं असतं. यात काहीच नाही, म्हणजे माणूस चिडलाय की मजेत आहे, पत्ताच लागत नाही— आमच्या नवरोबाचा, केयूरचा चेहरा असतो ना सेकंड शिफ्टवरून आल्यावर, तसं. त्यातून सगळ्यांत जाड तार आणखी सैल सोडलीय, म्हणून तो खर्ज पोटात घुमतो. आणि आवाज मुद्दाम फाडलाय. मुद्दाम काका, स्पीकर धड आहे. तुमच्या मंडळाचा माइक कुंई करतो तेव्हा तुम्ही साउंडवाल्या रणजीतला शिव्या घालता, आम्ही त्या कुंईची वाट बघायचो. आणि शब्द? नाही, मलाही कळत नाहीत, आणि लिहिलेत मी.

खरी गंमत पुढे आहे. कडवं दबक्या पावलांनी येतं— आणि धृपदाला धडाम! स्वर तेच बरं का, फक्त इतका वेळ दाबून धरलेलं अंगावर येतं. तुमचा प्रेसच की, वर थांबतो, थांबतो आणि पडतो. पण पूर्ण गप्प हे कधीच होत नाही, कडव्यातसुद्धा खाली ती तार कुरकुरत असते. आमचा ड्रमर म्हणायचा, आवाज हवा तेवढा उतरवा, तोडू नका. सवयच लागलीय, अजूनही बंद करताना मी हळूहळू उतरवत आणते. आता बघा... आता... धडाम! दचकलात ना? कुणीही दचकेल. आणि ती बघा. पाळण्यात. पापणी हलली का?

काही नाही, सहज म्हटलं. झोपाळू आहे आमची अनुया. चार महिन्यांची झाली, पण रेल्वेचा भोंगा, कुकरची शिट्टी, सासूबाईंची अंगाई— काऽही फरक नाही. अंगाईचं सोडा, तिथे मीही झोपेचं सोंग घेते. आई म्हणतात, शांत मूल आहे, नशीब काढलंस. तुम्ही बेल किती वेळा वाजवलीत? तीन-चारदा? ऐकली होती मी. पहिलीच ऐकली. उघडलं नाही, कारण... पाळण्याशी उभी होते. बघत होते.

नाही, रडत नाहीये, बसा तुम्ही. जन्मली तेव्हा कानांची तपासणी केली, तर म्हणाले परत आणा. परत नेली, तर म्हणाले रिपोर्ट नीट येत नाहीये, सर्दी असेल. आता सोमवारी मोठी तपासणी. केयूरला सांगितलंय, लस द्यायचीय. तुम्हाला का सांगतेय देव जाणे, तुम्ही तर भांडायला आलात. घरी कस्तुराकाकूंना बोलू नका हं, त्या आणि आई रोज संध्याकाळी एकाच बाकावर असतात. आणि आईंनी गर्भसंस्काराचा पेनड्राइव्ह दिला होता— मंत्र, बासरी, सगळं. मी हेडफोन पोटावर ठेवून हे वाजवलं. हेच. आता कानांचं काही निघालं तर त्या म्हणतील— त्या कशाला, मीच म्हणते रात्रभर. म्हणून सारखं जोडून जोडून लावते, मधे खंड नाही, आणि धडामची वाट बघत उभी राहते, आणि ही—

गेली. लाइट गेली बघा. झालं ना तुमच्या मनासारखं, जा आता, झोपा शांत—

थांबा. काका, शू! हात हलला तिचा. डोळे... डोळे उघडले. शोधतेय काहीतरी. ओठ काढला— रडली! पंखा बंद झाला म्हणून असेल का? उकडलं असेल? पण वर बघा ना, पंखा अजून फिरतोय! आधीच्या वेगानंच चांगला गरगर फिरतोय. गाणं तेवढं तुटलंय. कळलं हिला! धडामला कशाला उठेल ती, पोटात असल्यापासून पाठ आहे तिला— तुटलं म्हणून उठली. रड गं बाई, रड. अजून मोठ्यानं.

हो, सोमवारी नेणार म्हणजे नेणारच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही कशावर, स्वतःवर तर नाहीच. पण आता निघा तुम्ही. गाणं बंद झालंय ना? मग? हा आवाज मी कमी करणार नाही. हवं तर येऊन दार बडवा खुशाल. ऐकू येईल आम्हाला. दोघींना. उघडणार मात्र नाही.