झोपमोड

—अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? उलटी शिफ्ट हवीय ना? मिळेल. शिवणखात्यात शिफ्ट लावणारी मीच तर आहे, आणि तुझ्या नवऱ्याच्या कातडीखात्यातला तो मुकादम माझ्या शब्दाबाहेर नाही— तेव्हा आधी नाक पूस. आणि सारखी दाराकडे बघू नकोस, बंद आहे ते. आलीस तेव्हा किती हळू लावलंस गं! चोर लावतो तसं. घरी तीच सवय लागली वाटतं तुलाही— हो ना? रविवारची दुपार, नेर्मिन आणि बाळ, बापलेक शेजारी शेजारी झोपलेत, आणि तू बूट हातात घेऊन जिना उतरलीस, खाली येऊन मग पायात घातलेस. अगं, मला कसं कळलं काय विचारतेस! बस नीट. साखर घे. अं हं, पेल्यात टाकायची नाही बाई, खडा नुसता बुडवायचा, टोक चावायचं आणि वरून घोट घ्यायचा. तुम्ही पोरी यंत्रातली कॉफी पिऊन पिऊन सगळं विसरलात. पहिली कॉफी असते आल्यागेल्याची— ती तू रडण्यात गार केलीस, जाऊ दे. ही दुसरी, बोलायची. आणि तिसरीला काय म्हणतात, सांग? नाही माहीत? सिक्तेरुशा. ती समोर आली की पाहुण्यानं ओळखायचं आणि उठायचं. तोंडानं कुणी जा म्हणत नाही, कॉफी म्हणते. माझी सासू तर पाहुणा नावडता असला की दुसरी गाळून थेट तिसरीच आणायची.

काय सांगत होते— हां, उलटी शिफ्ट. बेल्किसा, आम्ही तेच केलं. रासिम बुटांचे तळ चिकटवायच्या यंत्रावर, मी शिवणीवर. मी सकाळी सहाला आत, तो दुपारी दोनला. पुढच्या आठवड्यात तो सकाळी, मी दुपारी. पोरांना सांभाळायला दुसरं होतं कोण? सासू गेलेली, माझी आई दूर डोंगरात, आणि पाळणाघरात नाव लागेपर्यंत पोरं शाळेत जायला लागतात. मग काय, दोनच्या भोंग्याला कारखान्याच्या फाटकात आमची अदलाबदल. तो आत येतोय, मी बाहेर पडतेय, सेनादा त्याच्या हाताला, वाहिद खांद्यावर— हे घे, ते घे, याला ताप होता, सूप चुलीवर आहे, बिल भरलं, चल. एवढाच आमचा संसार. हसतेस? हसण्यासारखंच होतं ते. एकदा मला वाटलं वाहिद त्याच्याकडे आहे, त्याला वाटलं माझ्याकडे— आणि हे राजश्री फाटकावरच्या ओमेरच्या खोलीत टेबलावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतायत! घरी पोचले, भात टाकला, पोराला हाक मारली तेव्हा कळलं. मी अशी धावले, पायात घरातल्या सपाता. ओमेर म्हणतो कसा, फादिला, अजून थोडा वेळ ठेव की, चांगला कामाला लागला होता.

भांडणं? नाही गं. भांडायला माणूस समोर लागतो.

आणि आमच्या घरात कायदा एकच होता— झोपलेल्याला उठवायचं नाही. बाकी काहीही करा. दूध सांडा, भिंतीवर रेघोट्या मारा, पण झोपमोड नाही. कारण दोघांपैकी एक कुणीतरी नेहमी झोपेला आलेला असायचा— दुपारच्या शिफ्टचा सकाळी, सकाळच्या शिफ्टचा जेवण झाल्या झाल्या. दाराच्या घंटीची तार रासिमनं स्वतः कापली. टेलिफोन आम्ही पिठाच्या डब्यात ठेवायचो, वाजला तर वाजला. शेजारणींना ठाऊक होतं— फादिलाच्या दाराला सपाता टांगलेल्या दिसल्या की परत फिरायचं. आणि पोरं! एवढीएवढीशी पोरं, पण कुजबुजायला आधी शिकली, बोलायला मागून. सेनादाच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं, म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण आवाजच काढत नाही, घरी काही त्रास आहे का? मी म्हटलं, त्रास कसला, घरी माणसं झोपलेली असतात. घरी येऊन मी हसले होते त्यावर. तेव्हा हसले. आता आठवलं की रडू येतं.

नाही, वाईट होतं असं नाही म्हणत मी. तसं नको समजूस. चांगला माणूस होता गं रासिम, फार चांगला. कामावर निघण्याआधी माझ्यासाठी कॉफी करून जायचा. कॉफीची ती लांब दांड्याची जेझ्वा टॉवेलात गुंडाळून ठेवायचा, उबदार राहावी म्हणून— कुठली राहते! मी येईपर्यंत पाणी झालेलं असायचं. पण बाजूला साखरेचा अर्धा खडा असायचा. अर्धा त्यानं चावलेला, अर्धा माझ्यासाठी. त्याच्या दातांची खूण असायची त्यावर. लोक नवऱ्याबरोबर कॉफी पितात, मी त्याच्या दातांच्या खुणेबरोबर प्यायले. आणि मला ते पुरायचं, खरंच सांगते. मला वाटायचं, पुरतंय.

एकदा गेलो होतो आम्ही समुद्रावर. नेउमला, कारखान्याच्या विश्रामगृहात. आयुष्यात पहिल्यांदा दोघांना एकत्र सुट्टी. काय केलं असेल? सांग ना, काय केलं असेल! पाळीपाळीनं झोपलो! मी सकाळी झोपायची, तो पोरांना घेऊन पाण्यात. मी उठले की तो आडवा, मी पोरांना घेऊन पाण्यात. कुणी सांगितलं नव्हतं, अंगवळणीच पडलेलं. शेवटच्या दिवशी शेजारच्या खोलीतली बाई मला म्हणाली, तुमचे यजमान आले नाहीत का? मी म्हटलं, आलेत की. तर म्हणते, मग ते पोरांना आंघोळ घालणारे ते कोण, मला वाटलं दीर असेल, तुम्ही दोघं एकत्र कधी दिसलाच नाहीत. परतीच्या बसमध्ये रासिमला सांगितलं तर एवढा हसला, एवढा हसला की डोळ्यांतून पाणी. मग म्हणाला, फादिला, पोरं एकदा मार्गी लागू देत. मग मी मुकादमाच्या पाया पडून तुझी शिफ्ट घेतो. दुपारी दोघं बरोबर घरी येऊ, इथं या टेबलाशी बसू आणि तिन्ही कॉफ्या पिऊ. तिसरीसुद्धा. एकमेकांना हाकलून देऊ, आणि कुणीच उठायचं नाही.

घे ना. गार होतेय.

तू मला विचारलंस ना मघाशी, मावशी, निभतं का हो असं? तर निभतं. सगळं निभतं. पोरं मोठी झाली, परदेशी गेली, एक लिंझला, एक ग्राझला, दोघांची घरं चांगली आहेत, दोघंही अजून हळू बोलतात. निभतं म्हणूनच तर— नाही, थांब. मी हे तुला सांगणार नव्हते. तू शिफ्ट मागायला आलीस, मी द्यायची, संपलं. पण ते तू दार ज्या तऱ्हेनं लावलंस ना—

शनिवार होता. मला जादा काम, त्याला सुट्टी. दोनला सुटले, घरी आले, किल्ली हळू फिरवली, बूट बाहेर काढले. बघते तर रासिम त्या दिवाणावर, तू बसलीयेस ना तिथंच, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. टेबलावर जेझ्वा टॉवेलात गुंडाळलेली. शेजारी अर्धा खडा. काय आनंद झाला मला, सांगू? म्हटलं, आज दोघं घरात आहोत. झोपला असला म्हणून काय झालं, घरात आहे. मी कॉफी पेल्यात ओतली आणि खुर्ची दिवाणाजवळ ओढली— उचलून ठेवली, ओढली नाही, आवाज होतो— आणि त्याच्या पाठीशी बसून प्यायले. सावकाश. घाई नाही, फाटक नाही. खिडकीतून ऊन येत होतं. मला वाटलं, सुख सुख म्हणतात ते हेच. आणि मनात म्हटलं, बघा, आज घोरतसुद्धा नाहीये, किती दिवसांनी एवढी गाढ झोप लागलीय माझ्या माणसाला.

वाहिद बाहेरून आला उड्या मारत, त्याला दटावलं, श्श, बाबा झोपलेत. सेनादा आली, तिला बोटानं खूण केली. शेजारची मुनिरा आली ताट परत द्यायला, तिला दारातूनच लावून दिली. मग पिटा करायला घेतली, त्याच्या आवडीची, आत बटाटा भरून भाजलेली. पीठ ओढून पातळ करताना टेबलाला धक्का लागू देत नव्हते. मध्येच पांघरूण नीट करायला गेले तर त्याचा पाय लागला हाताला. गार. मी म्हटलं, हे बघ, खिडकी उघडी आणि हा असा झोपलाय. तर त्याच्या आईनं विणलेले लोकरी मोजे काढले कपाटातून आणि घातले त्याला. दोन्ही पायांत. इतके हळू घातले, बेल्किसा, इतके हळू, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, उठला नाही.

उठला नाही.

पिटा झाली, ऊन गेलं, दिवे लावले. पिटा गरमच खायला लागते त्याला, म्हणून मग म्हटलं, आता मोडावाच कायदा. पहिल्यांदा. खांद्याला हात लावून हाक मारली. मोठ्यानं हाक मारायची सवय नव्हती ना, ती पण कुजबुजतच मारली. रासिम. रासिम. पोरं शेजारी उभी होती ताटं घेऊन.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले, तुम्ही यायच्या आधी, तुमच्या हातात काही नव्हतं. असेल. मान्य आहे. पण अख्खी दुपार मी त्याला झोप मिळावी म्हणून जपलं गं. पोरांना त्यांच्या बापाजवळून हुसकावलं. मयताला आंघोळ घालणाऱ्यांनी ते मोजे काढून माझ्या हातात दिले, म्हणाले, हे तुमचे. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि आम्ही सगळ्यात जास्त वेळ एकत्र बसलो ती हीच एक दुपार. माझं काळीज तिथंच फाटलं, ते परत शिवलं गेलं नाही. मी दिवसाला शेकडो बूट शिवते, ते नाही शिवता आलं.

रडू नकोस. तुला रडवायला नाही सांगितलं. नाही, शिफ्ट देणार नाही असं कुठं म्हटलं मी? न देऊन काय करू? तुझी सासू अंथरुणाला खिळलेली, पाळणाघरात जागा नाही, मला काय दिसत नाही? सोमवारपासून तुला उलटी शिफ्ट लावते. पण वसंतापर्यंतच, ऐकलंस? वसंतात मी निवृत्त होतेय. मग तुम्ही दोघं एका शिफ्टला जायचं, आणि बाळ इथं माझ्याकडे. इथं खुशाल ओरडू दे त्याला, भोकाड पसरू दे, ताटल्या बडवू दे. आभार बिभार नकोत. सांगितलेलं कर.

थांब, ही ओतते. हो, तिसरीच आहे. पी पटकन, आणि ऊठ. घरी जा, आणि बाळाला झोपू दे, पण नेर्मिनला उठव. हो, आत्ता. दमलाय माहितीय, कोण दमत नाही? चिडेल, शिव्या घालेल, कशाला उठवलंस म्हणेल— म्हणू दे! म्हणाला की बरं वाटेल तुला. सांग त्याला, फादिलामावशीनं सांगितलंय. आणि कॉफी टाक, दोघांची, आणि बस त्याच्यासमोर. काही बोलायचं सुचलं नाही तरी बस.

जा आता. आणि ते दार असं हळू नको लावूस. जोरात ओढ. या घरात कुणी झोपलेलं नाही.