डाग जुना आहे, आमचा नाही

नाव : ठाण्याच्या दप्तरी आहे ते. हाक मारण्याचे नाव लॉन्ड्रीवाल्या वहिनी. वय : बावन्न (हवालदारांनी अंदाजाने साठ लिहिले होते, ते खोडून घेतले). धंदा : कपडे धुणे, ड्रायक्लीन व इस्त्री. राहणार : दुकानाच्या वरची खोली, बाजारामागची गल्ली.

मी कुणी बोलावलेले नसताना आपल्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी व माझे पती लॉन्ड्री चालवतो. धुणे आणि बोलणे माझ्याकडे, इस्त्री आणि गप्प बसणे पतींकडे, अशी आमची वाटणी आहे. ही वाटणी लग्नापासून आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आमच्या धंद्यात कपडा घेतानाच डाग दाखवावा लागतो. घेताना दाखवला नाही तर तो डाग धुणाऱ्याचा होतो. एका मुख्याध्यापिकाबाईंच्या पडद्यावर असाच जुना डाग होता. मी बोलले नाही. नंतर बाई म्हणाल्या, "हा तुमच्याकडेच पडला." नवा पडदा घेऊन द्यावा लागला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांचा मोबाईलवर ग्रुप केला. कपडा आला की फोटो टाकायचा, डाग असेल तर खाली लिहायचे. ग्रुपवर सगळी आमचीच गिऱ्हाइके आहेत, शिवाय माझी नणंद. या ठाण्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या पत्नीही आहेत. ज्या निरोपावरून हे प्रकरण झाले, त्याखाली त्यांनी हसरा चेहरा टाकला होता, हे मी हवालदारांना सांगितले. ते लिहू नये असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, "मग माझं नावही लिहू नका." तेव्हा लिहिले.

आमच्या दुकानात कपड्याला मालकाच्या नावाने बोलावतात. शर्ट, कोट, पँट असे कुणी म्हणत बसत नाही. डॉक्टरांना वाळत घाला, वकिलांना पिळू नका, असे बोलतो. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, कारण मालक समोर नसतो.

गेल्या आठवड्यात साहेबांचा कोट आला. साहेब म्हणजे कोण, असे हवालदारांनी रीतीप्रमाणे विचारले. मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवरील फोटोकडे बोट दाखवले. कोट पांढरा, भारी कापडाचा, छातीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग. डाग कशाचा ते माहीत नाही. मी वास घेऊन पाहिला, कळले नाही. मी कोटाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली नेहमीप्रमाणे लिहिले ते असे :

"साहेब घेतले. डाग जुना आहे, आमचा नाही. खोलवर मुरलाय. दोनदा धुतले तरी निघणार नाही. नंतर बोल लावू नये."

माझ्या नणंदेच्या हातात पडलेला निरोप तिथे थांबत नाही. तिने तो पुढे पाठवला, पण फोटो पाठवायचा राहिला. विचारल्यावर ती म्हणाली, "वहिनी, फोटोला नेट फार लागतं." दुसऱ्या दिवशी तो निरोप गावभर झाला. कुणी तो चाल लावून म्हटला. खाली टाळ्या वाजवणारे हात आणि हसून रडणारे चेहरे यांची रांग लागली. मला फार आनंद झाला. आमच्या धुलाईची जाहिरात होते आहे, असे मला वाटले. मी सगळ्यांना "आभारी आहे, असाच लोभ असावा" असे उत्तर दिले. ते उत्तरही या प्रकरणाच्या कागदांत लावले आहे.

काल दुपारी दोन शिपाई दुकानात आले. मी पलीकडच्या गल्लीत साबण आणायला गेले होते. मोबाईलचे सिम पतींच्या नावावर असल्याने त्यांनी पतींना चला म्हटले. पती इस्त्री करत होते. हातातला शर्ट पुरा करूनच ते निघाले. तोवर शिपाई थांबले, कारण शर्ट त्यांच्यातल्याच एकाचा होता. हे मला शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितले. मी परत आले तेव्हा इस्त्री बंद करून नीट उभी ठेवलेली होती आणि दुकानात कुणी नव्हते.

ठाण्यात आल्यावर मला आत भेटू दिले नाही. संध्याकाळी सांगितले, उद्या या. आज आल्यावर कळले की पतींनी, "मीच लिहिलं, तिला काही माहीत नाही," असा कबुलीजबाब दिला आहे. हे साफ खोटे आहे. माझे पती मोबाईल फक्त उचलतात आणि माझ्या हातात देतात. मी तसे सांगितल्यावर इन्स्पेक्टरसाहेबांनी पतींना बाहेर बोलावले, हातात मोबाईल दिला आणि तोच निरोप पुन्हा लिहायला सांगितले. पतींनी चष्मा मागितला. चष्मा दुकानात राहिला होता. तरी ते लिहीत राहिले. हवालदारांचा चहा पिऊन झाला तेव्हा मोबाईलवर "साहेबांची बाग" एवढे उमटले होते.

त्यांनी खोटे का सांगितले, असे मला विचारले. ते मला माहीत आहे, ठाण्याला सांगण्याचे कारण नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आले. यातले रागाचे लिहावे.

नंतर इन्स्पेक्टरसाहेबांनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. मुख्य कचेरीत एक यंत्र आहे, ते सगळ्यांचे निरोप चाळते आणि संशयाचे शब्द बाजूला काढते, असे त्यांनी सांगितले. यंत्राने माझे वर्षभराचे निरोप काढले होते. त्यांनी एकेक वाचून खुलासा मागितला.

"'वकिलांना उकळत्या पाण्यात घालू नका, आटतील.' हे काय?"

मी सांगितले, लोकरीचे होते.

"'न्यायाधीशबाईंचा रंग जातोय, वेगळ्या ठेवा.'"

मी सांगितले, पहिल्या धुण्यात जातोच.

"'इन्स्पेक्टरसाहेबांना उलटं टांगलंय, उद्या सकाळपर्यंत सरळ होतील.'" हे वाचून ते थांबले. म्हणाले, "हा मी का?"

मी म्हटले, "तुमची पँट. पण पाहा, सरळ झाली की नाही?" त्यांनी खाली पाहिले. घडी अजून होती. पुढचा कागद त्यांनी वाचला नाही.

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, हे सगळं मला कळतंय हो. वरून फोन आहे. 'साहेबांवर कोणताही डाग नाही व कधीही नव्हता,' एवढं एक वाक्य लिहून द्या, ग्रुपवर टाका आणि यजमानांना घरी घेऊन जा."

माझे पती समोर बाकावर बसले होते. त्यांनी मला मान हलवून नको म्हटले की लिही म्हटले, हे मला अंतरावरून कळले नाही. त्यांना घरी न्यायचे म्हणून मी काहीही लिहून दिले असते. लेखणी हातात घेतलीही होती. पण टेबलावर साहेबांचा कोट पडलेला दिसला. काल शिपायांनी तो पुरावा म्हणून दुकानातून उचलून आणला होता.

मी विचारले, "हा कोट तुम्ही जमा करून घेतलाय का?"

हवालदार म्हणाले, "आता घेणार. एक कोट, पांढरा, सुस्थितीत."

मी म्हटले, "लिहा की. डाग नाही म्हणून मीही लिहून देते. मग उद्या कोट साहेबांकडे परत जाईल. साहेब डाग बघतील आणि विचारतील, हा कुठे पडला? लॉन्ड्रीत नव्हता, तसा माझा जबाब आहे. मग पडला कुठे?"

हवालदारांनी हात टंकयंत्रावरून उचलला. इन्स्पेक्टरसाहेबांनी कोटाशेजारचा चहाचा ग्लास उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

हवालदार म्हणाले, "मग डाग आहे असं लिहू का, साहेब?"

इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? सरकारी कागदावर?"

"नाही असं लिहू?"

"मग तो आपला होईल ना!"

यानंतर त्यांनी वर फोन लावला. फोन उभे राहून केला. मला एका बाजूचेच ऐकू आले ते असे : "हो सर. नाही सर. आहे सर. म्हणजे ठिपका आहे सर. मोठा ठिपका. नाही सर, मी पाडलेला नाही." फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसले आणि कोट जमा करण्याची आवश्यकता नसल्याचे सांगितले. पुरावाच नाही तर प्रकरण कसले, असेही ते म्हणाले. मी लेखणी परत दिली.

यापुढे ग्रुपवर 'डाग' ऐवजी 'ठिपका' लिहावे, असे त्यांनी मला सुचवले. मी विचार करीन असे सांगितले. हो म्हटलेले नाही.

कोट मी परत घेतला. घेताना डाग दाखवून घेतला. हवालदारांनी मान हलवली, पण लिहिले नाही.

त्यानंतर पती माझ्या ताब्यात देण्यात आले. सुस्थितीत मिळाले अशी सही करण्यास सांगितले. आमच्यात पाहिल्याशिवाय घेत नाहीत. मी त्यांना उजेडात उभे करून पाहिले. दाढी वाढलेली आहे. काही खाल्लेले दिसत नाही. काल त्यांच्या बोटांचे ठसे घेतले, त्यानंतर पुसायला फडके दिले नाही, म्हणून त्यांनी बोटे सदऱ्याला पुसली आहेत. छातीवर डाव्या बाजूला शाईचा डाग आहे. सदरा मी परवा स्वतः धुतला होता, तेव्हा तो नव्हता. पती म्हणाले, "असू दे, निघेल." इतका वेळ ठाण्यात बसून ते माझ्याशी एवढेच बोलले. शाई निघत नाही, हे त्यांना माहीत आहे.

सदर डाग नवा आहे. आमचा नाही. तो ठाण्याचा आहे, हे लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'डाग' शब्द येईल तिथे ते हळू वाचत होते, तिथे मी पुन्हा वाचायला लावले. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, डागांसकट बरोबर आहे.