काढून टाकलेलं पद

तुम्ही त्या नव्यानं बसवलेल्या संगीत नाटकावरून भांडताय म्हणून आठवलं. रत्नागिरीत त्याचा प्रयोग लागला तेव्हा शेजारच्या भाऊकाकांना मीच आग्रहानं नेलं होतं. काकू गेल्यापासून ते कुठे जातच नव्हते. जुन्या नाटकातली सगळी पदं त्यांना पाठ. त्यामुळे शेवटच्या अंकातलं नायिकेचं पदच नव्या दिग्दर्शकानं काढून टाकलंय हे दिसल्यावर मला धडकी भरली. म्हटलं, आता काही खरं नाही.

प्रयोग सुटला आणि बाहेर जुंपलीच. देवरूखहून आलेले काकांचे दोस्त, एक निवृत्त मास्तर, तावातावानं म्हणाले, "मुख्य पदच उडवलंन शिंच्यानं! मग उरलं काय?"

एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजोबा, तिथे ती नुसती गप्प बसते ना, तेव्हाच मला रडू आलं."

मास्तरांनी काकांना पुढे ओढलं. "भाऊ, सांगा हो हिला! या पदासाठी तुम्ही दोघं गुहागरपर्यंत जायचात."

काका म्हणाले, "काढलंन ते बरं केलंन."

"हे तुम्ही म्हणताय?"

"त्या पदाला आमची ही वन्समोअर द्यायची. दर प्रयोगाला. तिनं दिला की मग बाकीचे ओरडायचे." काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आज ते पद एकदाच झालं असतं, मास्तर. ते मला सोसलं नसतं."