डोमाच्या डबीतलं हाड

सौंदडपासून चिचगडपर्यंत माझ्यासारखा दात उपटणारा झाला नाही. खरं सांगू का, जन्मात एकच उपटला, अन् त्याचाही मुळाकडचा तुकडा आतच राहिला.

दात होता डोमाचा, माझ्या लंगोटीयाराचा. इंग्रजाच्या काळात आमच्याकडे दाताचा डॉक्टर कुठला? बैलबंडीचे खिळे उपटायची पकड आणली. पारावरची मंडळी हसली, मीही हसलो. महिन्याभरात डोमाचा जबडा सुजला, गालाला भोक पडून पू वाहू लागला. लेप झाले, डाग देऊन झाले. शेवटी मीच त्याला रेल्वेनं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, "जबड्याचं हाड सडलंय. मेलंय तेवढं काढतो. बाकीचं वाचेल का, सांगता येत नाही."

काढलेला तुकडा डोमानं मागून घेतला. वर्ष झालं तरी गाल वाहतच होता. तो भाताची पेज पीत बसायचा, अन् मी समोर बसून त्याला हसवायला पाहायचो. एकदा त्याच्या उशाशी तंबाखूची डबी दिसली. आत ते हाड.

मी म्हटलं, "हे कायले जपून राहिला बे? वैनगंगेत सोडून ये. घरच्यांचं तेवढंच काम कमी."

डोमानं गालावरचं फडकं सावरलं. "मेलो का सरणावर ठेवाले जपून राहिलो. सारं अंग एकाच खेपेत जावं. घरच्यांले भेव लागते, तूच ठेवजो. काढाले बी तूच होता ना."