खर्रा आधी कोणी सोडावा?

दवाखान्याच्या बाकावर रीता आपल्या नंबराची वाट पाहत होती. तेवढ्यात तळ्यावर डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरणारा इस्तारी आणि त्याची बायको रंभा डॉक्टरांकडून बाहेर येऊन शेजारी टेकली. टेकताच रंभाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आयकलं ना? बीपी अजून नाई, पण नसा आतापासूनच ताठ होऊन राह्यल्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा म्हणे."

"आयकलं."

"जुन्या जाळ्याचा धागा कसा कडक होते, तशा."

"आयकलं म्हनलं ना!"

"मंग काढा खिशातला खर्रा!"

"माया काऊन? नसा तुया ताठ हायेत, रंभा!"

"पण मले घोटून कोण देते? तुमीच ना!"

"नाई देला तं तू डोंगा हलू देत नाईस!"

दोघंही खो खो हसत सुटली.

"तुले काई झालं तं डोंग्यात माया संगं कोण बसन? सोड बरं."

"आधी तुमी."

"आधी तू."

"आधी तुमी! थांबा, ह्या बाईलेच इचारू. सांग बाई, आधी कोणी सोडावा?"

रीता नुसतेच हात हलवत राहिली. तोंड उघडलं असतं, तर तिचा खर्रा सांडला असता.